दुपारी तपासलेलं स्टेशन

प्रिय अक्का,

आज सप्तापूरच्या घरी रेडिओवाले येऊन गेले. तू गेल्याला वर्ष होतंय म्हणून तुझ्या आठवणीत समारंभ करतायत, त्याला तुझा मोठा फोटो हवाय म्हणे, हार घालायला. आणि निमंत्रणात काय छापलंय ठाऊक आहे? तुझा आवाज गावोगावी पोचला म्हणे! वाचलं आणि शिसारी आली गं. म्हणून तुलाच लिहायला बसले.

कसलं गावोगावी? अळणावरला आई अंथरुणाला खिळलेली, आणि तू धारवाड रेडिओवर गायचीस ती तिच्यासाठी. दर गुरुवारी दिवेलागणीला तुझं भजन लागायचं. आई उशाशी रेडिओ ओढून घ्यायची.

मग कुणीतरी दिल्लीत नकाशा पसरून बसलं. चांगली फ्रीक्वेन्सी दिल्लीच्या कार्यक्रमांना, आणि आपल्या स्थानिक कार्यक्रमांना एक उष्टी. उष्टीच की! लांबचं कुठलंसं बलदंड स्टेशन आधीपासून तिच्यावर होतं. दिवसा त्याचा त्रास नसे, पण अंधार पडला की ते आपल्यावर चढून बसायचं. आईला ऐकू यायची नुसती खरखर, मध्येच परक्या भाषेतल्या बातम्या.

तू अर्जावर अर्ज केलेस. शेवटी एक साहेब जीप घेऊन अळणावरला आले. कधी? भर दुपारी! रेडिओ लावला, स्टेशन खणखणीत लागलं. वहिनीच्या हातचा चहा प्याले आणि सगळं ठीक आहे असं लिहून मोकळे. तू त्यांच्यापुढे हात जोडलेस, ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

"साहेब, माझं गाणं संध्याकाळी असतं. तेवढं थांबा."

"संध्याकाळी मला हुबळीहून गाडी आहे, बाई."

आणि तूही कसली गं! भांडायचं सोडून दर गुरुवारी गात राहिलीस. सोडून दे म्हटलं, तर म्हणालीस, आई वाट बघतेय.

बघत होतीच ती. शेवटच्या गुरुवारी मी तिच्याजवळ होते. तिनं रेडिओला कान लावला, तुझी वेळ संपेपर्यंत हलली नाही. मग बंद करून म्हणाली, "चांगली गायली हो आज." एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, अक्का.

फोटो मी देणार नाही. समारंभाला मात्र जाणार, आणि माईकवर बोलणार. सांगेन, जिच्यासाठी ही गायली, त्या बाईनं मरेपर्यंत खरखरीलाच लेकीचं गाणं मानलं. मग खुशाल मला खाली बसवू देत.

तुझी धाकटी,
सुमी