डाव्या चाकाची घरघर

३ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. दवाखान्यात पेशंटचा केसपेपर ठेवतात, तसं गाडीचं सगळं इथे लिहायचं.

तक्रार: चाकातून घरघर. शिरोलीत बिडाचं कास्टिंग भरून कागलला निघालो. हळू चालवली तर काही नाही, वेग घेतला की जात्यात खडा अडकल्यासारखा आवाज. क्लच दाबला तरी थांबत नाही. म्हणजे इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही. चाकाचं बेअरिंग. हे निदान मी स्टेअरिंगवर बसल्या बसल्या केलं. बाजूसुद्धा लगेच कळली. डावी, म्हणजे आमच्या लाइनीत जिला क्लीनर साइड म्हणतात ती. ट्रक जुना असला तरी माझा कान तयार आहे.

घरी सांगितलं. ऋतुराजने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, अट घातली. दसऱ्यापर्यंत आवाज घालवा. नाही गेला तर दसऱ्याची पूजा झाली की किल्ली त्याच्याकडे, स्टेअरिंगवर तो आणि मी घरी. मी हो म्हणालो. दसऱ्याला अजून महिना आहे. एका बेअरिंगला कुठे महिना लागतो?

५ सप्टेंबर

उद्यमनगरात अझीमच्या गॅरेजवर. गाडी आत वळत होती तेवढ्यात हा बाहेरूनच म्हणाला, ड्रायव्हर साइडनं घरघरतंय. हसू आलं. रात्रंदिवस गाडीत बसणाऱ्याला कळणार, की दारात चहा पिणाऱ्याला? समोर पत्र्याचं शेड आहे, आवाज त्यावर आपटून उलटा येतो, हे त्याला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, मालक तुमी, सांगशीला ते खोलू. अझीमचा हा गुण मला आवडतो.

पुढचं डावं चाक खोललं. बेअरिंग चांगलं आहे म्हणाला. दिसायला चांगलंच असतं. नवीन बसवलं, ग्रीस भरलं.

येताना आवाज तसाच. नवीन बेअरिंग अंगवळणी पडायला वेळ घेतं. नवीन कापशी चपलेसारखंच.

८ सप्टेंबर

अंगवळणी पडलेलं नाही.

हायवेवर एक एसटी उजवीकडून पार घासून गेली. हॉर्न नाही, काही नाही. अलीकडे लोकांनी हॉर्न वाजवणंच सोडलंय. शहाणपण आलं असेल तर चांगलंच आहे, पण एखाद्याचा जीव जायचा.

११ सप्टेंबर

शास्त्रीय तपासणी. एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यावर गाडी नागमोडी चालवली. स्टेअरिंग डावीकडे घेतलं की घरघर वाढते, उजवीकडे घेतलं की कमी होते. डावीकडे वळताना वाढते, म्हणजे दोष डावीकडे. विषय संपला.

अझीमला फोन करून सांगितलं. तो म्हणतो उलटं असतं. गाडी डावीकडे वळली की सगळा भार उजव्या चाकावर जातो, म्हणून उजवं बेअरिंग ओरडतं. मी म्हटलं, मग डावीकडे वळताना मी बघू कुठे, उजवीकडे? आधी त्याचा एक शब्द कळत नव्हता, रेंज नव्हती. फोन या कानावरून त्या कानावर घेतला तेव्हा रेंज आली. हे मोबाइलवाले नुसते लुटतात.

१४ सप्टेंबर

मागचं डावं खोललं. आतलं बेअरिंग, बाहेरचं बेअरिंग, सील, सगळं नवीन. अझीमने जुनी बेअरिंगं धुऊन कापडात बांधून दिली. चांगली आहेत, वापरा कुठंतरी म्हणाला. कुठे वापरू, देव्हाऱ्यात?

आवाज आहे. पण जरा गोड झाल्यासारखा वाटतो.

१६ सप्टेंबर, सकाळी सात

हात लावून तपासणी. गाडी पळवून आणायची आणि लगेच चाकाच्या मधल्या भागाला, हबला, हात लावून बघायचं. जे बेअरिंग खराब, तो हब तापलेला.

पुढचा डावा: थंड. मागचा डावा: थंड. म्हणजे झीज आतल्या आत चाललीय, बाहेर दाखवत नाही. काही माणसं असतात तशी.

नुसती पद्धत म्हणून मागच्या उजव्यालाही हात लावला. बोटं भाजली, फोड आला. त्या बाजूला ऊन होतं. आभाळ आलं होतं हे खरं, पण ढगाआडूनही तापतंच की.

हिने विचारलं काय झालं. चहाचं पातेलं म्हणालो. घरात आज चहा तिनेच केला होता, हे नंतर लक्षात आलं. तिने बोटांना तूप लावलं आणि काहीतरी पुटपुटली. अलीकडे ही फार पुटपुटते. पंचवीस-तीस वर्षांच्या संसारानंतर बायकांचा आवाज बसतो, असं माझं निरीक्षण आहे.

१९ सप्टेंबर

आजचा प्रयोग अगदी डॉक्टरी. चाक जॅकवर उचलायचं, लोखंडी पहारीचं एक टोक हबजवळ टेकवायचं, दुसरं कानाला, आणि अझीमने चाक हाताने फिरवायचं. उजव्या चाकाला उजवा कान, डाव्याला डावा. जिकडचं चाक तिकडचा कान, नाहीतर घोटाळा होतो.

उजवी दोन्ही चाकं: एकदम शांत. देवळात असावं तसं.

डावी दोन्ही: बारीक खसखस ऐकू आली. अझीम म्हणाला ती नव्या ग्रीसची. त्याने पहार मागितली, उजव्या चाकाला लावून स्वतः ऐकायची होती. दिली नाही. एका पेशंटला दोन डॉक्टर नकोत.

आता शंका उरली नाही. तरी आवाज जात नाही.

२२ सप्टेंबर

आज घट बसले. सकाळी हिला अंबाबाईला नेलं, रांग बघून कळसालाच हात जोडले, आणि तिथून ट्रकमधून हुपरीला, तिच्या बहिणीकडे. माझा हेतू वेगळा होता. नवा कान मिळाला तर बरं.

ही क्लीनर साइडला बसलेली. तिच्याच पायाखालून आवाज येत होता, म्हणून विचारलं, कुठून येतंय सांग.

"तुमच्याकडनं येतंय की."

माझ्याकडून! मुकाट गाडी चालवणाऱ्या माणसाकडून! संसारात जे काही वाकडं झालं ते माझ्याकडून झालं, हे तिचं मत जुनंच आहे, पण त्यात बेअरिंगही येईल असं वाटलं नव्हतं. हुपरीपर्यंत अबोला. परत येताना ती बहिणीकडेच राहिली.

२५ सप्टेंबर

क्लीनर साइड मोकळी केली. पत्र्याची पेटी, पाण्याचा कॅन, मडगार्ड, पायरी, सगळं काढलं. जे काढता येत नव्हतं ते नवीन बसवलं. एका बाजूने बघितलं तर गाडी शोरूममधली वाटते.

आवाज आता जास्त स्पष्ट येतो. म्हणजे प्रगती आहे.

ऋतुराज म्हणाला, एकदा मला चालवून बघू दे. नको म्हटलं. हात बदलला की स्टेअरिंग बिघडतं. तो माझ्या उजव्या अंगाला उभा राहून काहीतरी म्हणाला आणि गेला. हाही आईसारखाच पुटपुटायला लागलाय.

खरं लिहायचं तर जीव घाबरा झालाय. एक आठवडा राहिला. किल्ली गेली तर सकाळी उठून करायचं काय? दारात खुर्ची टाकून बसणारी माणसं आमच्या गल्लीत आहेत. मला बघून आताच सरकून जागा करतात.

२८ सप्टेंबर

अझीम म्हणाला, ड्रायव्हर साइडचं मागचं एकदा खोलू या, तुमच्या पाया पडतो. मी म्हटलं, दसरा झाल्यावर. चांगल्या चाकाला हात लावायचा नसतो.

घरी येताना उपाय सापडला. रेडिओ! मोठ्याने लावला की आवाज अजिबात येत नाही. महिनाभर हे का सुचलं नाही? ऋतुराजची अट काय, तर आवाज घालवा. गेला. दसऱ्याला त्याला गाडीत बसवून दाखवतो.

आज बऱ्याच दिवसांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

३० सप्टेंबर

जमेल तसं लिहितो.

कागलच्या अलीकडे. भरलेली गाडी, रेडिओ चालू. उजवीकडून एक चाकांची जोडी मला ओव्हरटेक करून पुढे गेली. एक्सलसकट. माझ्या मनात पहिला विचार आला, कोण हा बेजबाबदार माणूस, गाडीकडे बघतो की नाही? मग माझी गाडी मागून उजवीकडे बसली. ब्रेक दाबला तर पेडल तळाला गेलं.

पुढे स्कूटरवर एक बाई. मागे बारकी पोरगी, आईच्या कमरेला धरून. चाकं दुभाजकाला आपटली, उसळली आणि रस्ता कापत डावीकडच्या उसात गेली. स्कूटरच्या पुढून, हातभर अंतरावरून. पोरगी मान वळवून चाकांकडे बघत होती. गाडी घासत घासत थांबली तरी मी पेडल दाबूनच होतो.

मी घाबरलो. आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही.

ती बाई माझ्या दाराशी आली. तोंड हलत होतं, डोळ्यांतून पाणी. पण आवाज फुटत नव्हता बिचारीचा. मागचे गाडीवाले क्लीनर साइडला जमले. म्हणत होते, मघापासून हॉर्न मारतोय, हात करतोय, तुमच्या चाकातून धूर निघत होता. त्यांच्यातल्या एकाने ऋतुराजला फोन लावून दिला. तो आला तरी त्या बाईचं तोंड हलतच होतं. मी त्याला म्हटलं, बघ, धक्क्याने बाईचा आवाजच गेलाय.

ऋतुराज माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग माझ्या डाव्या बाजूला आला.

"आबा, ती वरडाय लागलीया. पार उसापल्याड ऐकाय जातंय."

१ ऑक्टोबर

राजारामपुरीत कानाचे डॉक्टर. हेडफोन लावला, हातात बटण दिलं. पीं ऐकू आलं की दाबायचं. डाव्या कानाला पटापट दाबलं. मग म्हणाले आता उजवा. मी बटण धरून बसलो. बराच वेळ त्यांनी मशीन चालूच केलं नाही. शेवटी हेडफोन काढून म्हणाले, झालं.

खिडकीकडचा कान, म्हणाले. वारा, इंजिन, हॉर्न, सगळं त्याच कानाने खाल्लं. आणि एकाच कानाने ऐकणाऱ्या माणसाला बाजू कळत नाही. कुठलाही आवाज चांगल्या कानाकडूनच आल्यासारखा वाटतो.

ऋतुराज जमिनीकडे बघत होता. मी म्हटलं, म्हणजे माझं निदान बरोबर होतं. बेअरिंगच. फक्त बाजू चुकली. दोघंही काही बोलले नाहीत. निदान मला तरी ऐकू आलं नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

गाडी अझीमकडे ठोकळ्यांवर उभी. पूजा तिथेच केली. स्टेअरिंगला झेंडूचा हार, पुढे नारळ. ही हुपरीहून आली होती, माझ्या डावीकडे उभी राहिली. कुणी तिला सांगितलं असावं.

ऋतुराजने किल्ली मागितली नाही. त्यामुळे जास्त अवघड झालं. मागितली असती तर भांडता आलं असतं. मी ती पूजेच्या ताटात ठेवली आणि अझीमची पान्यांची पेटी उगाच बघत राहिलो. पुन्हा ताटाकडे बघितलं तेव्हा किल्ली नव्हती. ऋतुराजने आपट्याची पानं हातात दिली आणि पाया पडला. मी आशीर्वाद दिला. काय म्हणालो ते आठवत नाही.

७ ऑक्टोबर

उजव्या कानात मशीन बसवलं. मागच्या उजव्या चाकात नवीन हब, नवीन एक्सल, नवीन बेअरिंग. कानाची आणि चाकाची ट्रायल एकदमच घ्यायची ठरली.

ऋतुराज स्टेअरिंगवर, मी क्लीनर साइडला. माझा उजवा कान त्याच्याकडे. शिरोलीतून भरून निघालो. किती आवाज असतात गाडीत! काचेची थरथर, ताडपत्रीची फडफड, गिअर पडताना आतून येणारा खट्. ऋतुराज गाडी चालवताना तोंडातल्या तोंडात गाणं म्हणतो. लहान होता तेव्हाही म्हणायचा का, हे हिला विचारलं पाहिजे.

वेग घेतला. मी डोळे मिटून, सगळं लक्ष चाकांकडे लावून बसलो. गाडी चांगली चालवतो तो. माझ्यासारखी म्हणायला हरकत नव्हती, पण माझ्यापेक्षा जरा हलक्या हाताची. कागल आलं. माल उतरवला. परत निघालो.

त्याने विचारलं, आबा, कुठनं काय ऐकाय येतंय का?

मी पुन्हा एकदा नीट ऐकलं. डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं. न्हाई, म्हणालो.

मग तो म्हणाला, उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल, आराम करा. आवाज अगदी मऊ होता त्याचा. सगळं स्पष्ट ऐकू आलं.