आमच्या नळाचा व्हेरियन्स

मंगळवार, ४ मार्च
ऑफिसचं दोन दिवसांचं स्टॅटिस्टिक्स ट्रेनिंग संपलं. सर्टिफिकेट मिळालं. डोक्यात लख्ख उजेड.
आज नळाला पाणी आलं. रविवारी सासऱ्यांची पंचाहत्तरी आमच्याकडे, चाळीस पानं. म्हणून शुभदाने टँकर सांगून ठेवलाय. विज्ञानावर विश्वासच नाही! म्हटलं, अभ्यास करून पाण्याचा दिवस सांगतो. म्हणाली, अभ्यास नको, टाकी भरा.

बुधवार, ५ मार्च
मागच्या पाच वेळचं अंतर : दोन, सहा, तीन, पाच, चार दिवस. सरासरी चार. म्हणजे पुढचं पाणी शनिवारी. आता व्हेरियन्स, म्हणजे सरासरीपासून किती मागेपुढे होतं ते. प्रत्येकातून चार वजा केले, फरकांची बेरीज घेतली. शून्य! नळ घड्याळासारखा चालतो आणि आपण उगाच नावं ठेवतो.
उत्कर्षा (कन्या, बी.एस्सी. दुसरं वर्ष) म्हणाली, बाबा, ती बेरीज नेहमी शून्यच येते, आधी फरकांचे वर्ग करा. केले. व्हेरियन्स दोन. दोन काय? तर दोन वर्ग-दिवस. सोलापुरात पन्नास वर्षं काढली, वर्ग-दिवस उजाडलेला एकदाही पाहिला नाही. मग म्हणे वर्गमूळ काढा, साधारण दीड दिवस मागेपुढे धरा. आधी वर्ग करायचे, मग मूळ काढायचं! दोन्ही कामं वाचवली. शून्य फायनल.

गुरुवार, ६ मार्च
शुभदा वडिलांना आणायला कुर्डुवाडीला गेली. टँकरवाल्याला फोन करा म्हणून तीनदा बजावलं. केला. नको म्हणून कळवलं.

शुक्रवार, ७ मार्च
रजा टाकली. टाकीतलं उरलंसुरलं पाणी सोडून दिलं, आतून घासली, उन्हात पालथी घातली. याला म्हणतात प्लॅनिंग.
दुपारी तीन. पाणी आलं. टाकी एकट्याने सरळ होईना. दोन बादल्या भरल्या तोवर गेलं. शेजारचा संगप्पा पाइप धरून विचारत होता, टाकी उलटी का ठेवलाय म्हणून. त्याला सॅम्पलिंग एरर समजावून सांगितली. त्याची टाकी भरून वाहत होती, लक्ष नव्हतं.

शनिवार, ८ मार्च
सकाळपासून नळापाशी स्टूल टाकून बसलो. अकराला नळ फुसफुसला. मला भरून आलं. नुसती हवा. टँकरवाला म्हणतो लग्नसराई आहे, बुधवारपर्यंत जमणार नाही.
संध्याकाळी शुभदा, सासरे, तिची मावशी हजर. शुभदाने टाकीवर टिचकी मारून पाहिली. मी व्हेरियन्सपासून सुरुवात केली. ती तडक संगप्पाच्या दारात.

रविवार, ९ मार्च
पंचाहत्तरी संगप्पाच्या अंगणात झाली. पाणी त्याचं, भांडी त्याची. मी कळशी घेऊन पंगतीत वाढत फिरत होतो. जावयाचा पाट रिकामा दिसला म्हणून सासऱ्यांनी संगप्पाला हाताला धरून शेजारी बसवलं. मावशींना नीट दिसत नाही. त्यांनी जावई समजून त्यालाच टॉवेल-टोपीचा आहेर केला.
शुभदा तिथेच उभी होती. तिने आहेराचा नारळही मावशींच्या हातात दिला.