सिल्व्हर ओकवरची तुरमती

येरवडा, ६ फेब्रुवारी २०२४

चि. सलिल यास अनेक उत्तम आशीर्वाद.

आईला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र. तुझं उत्तर नेहमीप्रमाणे तिला मोठ्याने वाचून दाखवीन. ती आता उठत नाही, दिवसभर खिडकीतून बाहेर बघते. समोरच्या सिल्व्हर ओकवर, कावळ्याच्या जुन्या घरट्यात, एक जोडपं आलंय. कबुतराएवढं, डोकं तांबूस. काल त्यांनी चिमणी मारली. एकाने हाकलली, दुसऱ्याने वरच्यावर धरली. आई म्हणाली, हे कोण ते सलिलला माहीत असेल, तो कधी येतोय? दिवाळीनंतर तू फिरकला नाहीस. इथून अर्ध्या तासावरची वाघोली परदेशात आहे हे माझ्या लक्षातच राहत नाही.

तुझी ताई,
वासंती

वाघोली, १२ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

अगं, ती तुरमती! अगदी छोटा ससाणा. वीस वर्षं पक्षी बघतोय, पण घरटं कधी सापडलं नाही. ती स्वतः घरटं बांधत नाही, कावळ्याचं वापरते. मादी अंडी उबवते. नर शिकार आणतो, तिच्या हवाली करतो आणि निघून जातो. पिल्लं दिसली की तारखेसह कळव. माळ्याला झाडाला हात लावू देऊ नकोस.

येणं जमेलसं वाटत नाही. आईला अंथरुणात बघवत नाही मला. हे वाक्य वाचताना गाळ.

तुझा,
सलिल

येरवडा, १८ मार्च

चि. सलिल यास आशीर्वाद.

गाळायची सूचना वाक्याच्या आधी लिहायची असते. माझं वाचून झालं होतं. आई एवढंच म्हणाली की तू लहानपणापासून हळवा.

पिल्लं शनिवारी दिसली, तीन. नर खरंच शिकार देऊन निघून जातो. निदान रोज येतो तरी.

आई आता दोन चमचे पेज घेते. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. अर्धा तास ये. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, हे मागते.

ताई

वाघोली, २७ मार्च

ती. ताईस सा. न.

मार्चअखेर आहे, घराबाहेर पडता येत नाही. पुढच्या महिन्यात नक्की बघतो. सोबत घरट्याचा फोटो. एका मित्राने रविवारी तुमच्या समोरच्या गच्चीवरून काढला. मादी पिल्लांना भरवतेय. पिल्लं चार आहेत, तुझं मोजण्यात चुकलं. आईला दाखव, खूश होईल.

तुझा,
सलिल

येरवडा, १२ एप्रिल

सलिल,

त्या रविवारी सकाळी आई म्हणाली, समोरच्या गच्चीवर सलिल आलाय, कॅमेरा घेऊन. तिला लांबचं लख्ख दिसायचं. मी म्हटलं, तुला भ्रम झालाय. ती हात हलवत राहिली. शेवटी मी रागावले आणि तिचा हात धरून खाली ठेवला. ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते.

फोटो मी न बघताच तिच्या हातात दिला. तिने भिंग लावून पाहिला. घरट्याच्या मागे आमची खिडकी आली आहे. खिडकीत आई आहे, हात वर केलेला.

ती म्हणाली, म्हणजे मला भ्रम झाला नव्हता. मग म्हणाली, खाट भिंतीकडे फिरव. मी फिरवली. त्यानंतर तिने पेजही घेतली नाही. चार तारखेला दुपारी ती गेली, तोंड भिंतीकडेच होतं. अग्नी मी दिला. तुला मुद्दामच कळवलं नाही.

लोभ मागत नाही.

वासंती