शेजारचा तारा

४ मार्च, सकाळी १०
आजपासून ज्युनियरचा हेवा करायचा नाही. लिहून ठेवलं की बंधन राहतं. त्याला येऊन आठ महिने झाले नाहीत तोच खिडकीजवळचं टेबल मिळालं. मी नऊ वर्षं मागत होतो. अर्थात मला नकोच होतं. स्क्रीनवर ऊन येतं.

५ मार्च
तो दोनशे क्वेसार बघतो. मी एकच, नऊ वर्षं. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या त्या दिव्याचा उजेड कसा कमीजास्त होतो, ते आकाशात शेजारी दिसणाऱ्या, उजेड न बदलणाऱ्या ताऱ्याशी ताडून मोजायचं. तो म्हणे सहा-सहा तारे घेतो. ज्याला एकावर विश्वास ठेवता येत नाही, त्याने संसार करू नये.

११ मार्च, दुपारी १२:४०
माझा क्वेसार महिन्याभरात दीडपट उजळला. कुणाला सांगितलं नाही. कॉम्प्युटरला नवा पासवर्ड घातला.

दुपारी १:१५
पासवर्ड विसरलो. ज्युनियरने कॉम्प्युटर उघडून दिला. तेवढ्यात आलेख बघितलाच मेल्याने. आभार मानले नाहीत. उगाच डोक्यावर बसतो.

१२ मार्च
त्याचा मेल. विषय: 'सर, शेजारचा तारा एकदा तपासाल का?' नुसता जळफळाट. उघडला नाही.

१३ मार्च
दुसरा मेल. विषयात 'प्लीज'. घाबरलाय. ही म्हणाली, अहो, उघडून तरी बघा. हिला ऑफिसातलं राजकारण कळत नाही. वर त्याला जेवायला बोलवू या म्हणते. फोनवर गोड बोलतो म्हणे. माझ्याशीही गोडच बोलतो. तोच तर कावा.

१५ मार्च
उद्या मीटिंग. पुढच्या वर्षी दुर्बिणीचा वेळ आमच्यातल्या एकालाच मिळणार. भाषण पाठ. शेवटी ज्युनियरचे आभार मानायचे, मोठ्या मनाने, अर्ध्या वाक्यात.

१६ मार्च, दुपारी ४
बोललो. टाळ्या नाहीत, पण शांतता भारावलेली होती. मग विभागप्रमुख बाईंनी विचारलं, शेजारचा तारा स्थिर आहे हे शेवटचं कधी तपासलं? म्हटलं, नऊ वर्षांपूर्वी. बाई चष्मा काढून पुसत बसल्या. ज्युनियर मान खाली घालून गप्प. एरवी केवढा बोलतो.

५:३०
दोन्ही मेल उघडले. त्याने सहा ताऱ्यांशी ताडून पाहिलं होतं. क्वेसार जेमतेम हललाय. मंदावतोय तो शेजारचा तारा. नऊ वर्षं तोच खालीवर होत होता आणि मी क्वेसारच्या नावावर लिहीत होतो.
मीटिंगमध्ये त्याने हे सांगितलं असतं तर माझी पुरती शोभा झाली असती. नाही सांगितलं.

१७ मार्च
वेळ ज्युनियरला मिळाला. दुपारी माझ्या टेबलापाशी आला, बस म्हटलं तरी बसला नाही. म्हणाला, "सर, या ताऱ्याची नऊ वर्षांची सलग नोंद फक्त तुमच्याकडे आहे. पेपर लिहू या. पहिलं नाव तुमचं."
विचार करून सांगतो म्हटलं. संध्याकाळपर्यंत यात खोट शोधली. सापडली नाही.
घरी हिने विचारलं, तुमचा तो ज्युनियर मुलगा नक्की कसा आहे हो?
चांगला आहे, म्हटलं. दुखणं तेच आहे.