भाषेच्या रकान्यात मी काय लिहिलं

मी, उपदेशकांचा धाकटा मुलगा, वय सव्वीस, सातवी नापास, काम दगड कापण्याचं, पूर्ण शुद्धीत आणि कुणी दबाव आणलेला नसताना हे लिहून ठेवतो. छातीत दगडाची भुकटी बसली आहे. डॉक्टर म्हणाले, "आता घरी जा." म्हणजे त्यांच्याकडचं औषध संपलं.

१. घरातला माझा हिस्सा, लोखंडी पेटी आणि मोबाइल ताईला. बूट दाजींना. "ह्याच्या पायाला भिंगरी लागलीय," असं ते चारचौघांत म्हणायचे. आता घालून बघावेत.

२. छिन्नी-हातोडा शेजारच्या खाटेवरच्या वेल्डरला. तो न विचारता वापरतोच.

३. ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या कार्यालयातल्या कारकुनाला काही नाही. "तुमची बोली देवाला तरी कळते का हो?" म्हणून तो बाबांसमोर हसला होता. बाबा म्हणतील, क्षमा कर. मी करत नाही.

४. खरं कलम हे. बाबा तीस वर्षं आपल्या आदिवासी वस्तीत आपल्या भाषेत उपासना घ्यायचे. कार्यालयाने घरोघरची मोजणी मागवली. बाबांची नजर अधू, म्हणून कागद मी भरले. 'प्रार्थना कोणत्या भाषेत?' या रकान्यात चाळीसही घरांपुढे मी मोठी भाषा, म्हणजे कार्यालयातली, शाळेतली भाषा लिहिली. आपण अडाणी दिसू नये, शिकलेला पाळक, म्हणजे पाद्री, यावा, शाळा मिळावी, एवढंच डोक्यात होतं. पुढच्या वर्षी पत्र आलं: आपल्या भाषेची सेवा बंद, बाबांचं पद रद्द. पाळक आला. शाळा नाही आली.

बाबा म्हणाले, "कार्यालयात कुणाची तरी चूक झाली असेल, पोरा."

मी "हो" म्हणालो आणि आठवड्याभरात इकडे दगडकामावर पळालो. चूक माझी. नंतर कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. एकाला उत्तर आलं: जुन्या नोंदी बदलता येत नाहीत.

ताई, तुला वाचता येत नाही, म्हणून हे कलम वस्तीतल्या दुकानदाराकडून वाचून घे आणि बाबांना सांग. पाळकाकडून वाचून घेऊ नकोस.

५. मला इथेच पुरावं. घरी आणलं तर पाळक मोठ्या भाषेत प्रार्थना म्हणेल. बाबा मागच्या बाकावर बसतील, प्रार्थना कुठे संपली ते त्यांना कळणार नाही, आणि सगळ्यांचं झाल्यावर ते एकटेच "आमेन" म्हणतील. शेवटच्या सुट्टीत एकदा ऐकलंय. पुन्हा नको.

सही: भिंगऱ्या
साक्षीदार: खानावळीचा आचारी (सही), खाट क्रमांक तीनचा वेल्डर (अंगठा)
ठिकाण: कामगारांची खोली, कापणी शेडच्या मागे
तारीख: नऊ मार्च, रविवार