आजोबा आडवे आले

कर्वेनगर, पुणे
६ मार्च २०२५

ति. नम्रताताईस,
प्रभूच्या नावात सप्रेम सलाम, वि. वि.

तुझ्या कानाच्या मशिनला फोन मानवत नाही, म्हणून हे पत्र. इकडे सगळे खुशाल. केदारला कंपनीने घरून काम दिलंय, त्यामुळे सूनबाई दिवसभर चिडचिड करते. मी काही बोलत नाही, फक्त बघते.

मागच्या आठवड्यात एक प्रसंग घडला. बँकेतलं काम उरकून सदाशिव पेठेतल्या त्या अरुंद गल्लीतून स्कूटरवर चौकाकडे निघाले होते, तर एक आजोबा अचानक आडवे आले. हुसेनचाचा, कसबा पेठेतले. मनगट मोडलं. मी नर्स होते म्हणून बरं. तिथल्या तिथे वर्तमानपत्राची घडी करून हात बांधला, रिक्षाने दवाखान्यात नेलं, त्यांची मुलगी परवीन येईपर्यंत थांबले. ती माझे हात धरून रडली. काल विचारपूस करायला गेले, तर स्वतःचा रोजा असून माझ्यासाठी चहा केला. देवाने मला योग्य वेळी तिथे ठेवलं, त्याचे किती आभार मानू!

चर्चच्या मंडळीत मात्र कटकट आहे. आपल्या पाळकसाहेबांनी उपासनेत प्रार्थना चालवायला कोणाला सांगावं? संतोषला! दारू सुटून वर्षही झालं नसेल. मी पंच कमिटीत स्पष्ट सांगितलं, तिथे उभं राहायला काही योग्यता लागते. सगळे गप्प बसले. कोणीतरी बोलायला हवंच ना?

गुडघे जप. लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी,
हेमा

*

अहिल्यानगर
१३ मार्च २०२५

चि. हेमास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आजोबांची सेवा केलीस, फार छान केलंस. तू तिथे होतीस हे त्यांचं नशीबच. सूनबाईकडे नुसतं बघू नकोस, कधीतरी तिला चहाही करून दे. तुझं नुसतं बघणं काय असतं ते मी लहानपणापासून सोसलंय.

एक विचारायचं होतं. ही बँकेशेजारची गल्ली म्हणजे तीच ना, जिथे दिवाळीत आपली रिक्षा शिरत होती आणि तू रिक्षावाल्याला थांबवून एकेरी वाहतुकीचे नियम ऐकवलेस? मग आपल्याला उतरवून बँकेपासून चौकापर्यंत चालवलंस. माझ्या गुडघ्यांना तो दिवस चांगला आठवतोय. मग बँकेकडून चौकाकडे तू स्कूटरवर कशी निघालीस? नियम बदलला असेल तर कळव, पुढच्या खेपेला मी रिक्षातच बसून राहीन.

संतोषबद्दल मी काय बोलू? त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर हसू दिसतं का, एवढं मात्र बघून सांग.

तुझ्यावर माया आहे म्हणून विचारते, राग मानू नकोस.

तुझी,
ताई

*

कर्वेनगर
१९ मार्च २०२५

ति. ताईस,
सप्रेम सलाम.

नियम बदललेला नाही. लांबचा वळसा नको म्हणून मी उलट्या बाजूने घुसले. रस्ता रिकामा होता. आजोबा नीट चालत होते, गाड्या येतात त्या बाजूला बघत. मी त्यांच्या मागून आले.

दवाखान्यात डॉक्टरांनी कसं लागलं म्हणून विचारलं आणि मी म्हणाले, आजोबा अचानक आडवे आले. ताई, माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही. परवीनलाही तेच सांगितलं. चाचांना धक्क्यात काही आठवत नव्हतं, त्यांनीही ते खरं मानलं. तुलाही तेच लिहिलं, आणि लिहिताना मलाही ते खरंच वाटत होतं.

आता ऐक. चाचा रोज दुपारी चालत वैजनाथ नावाच्या मित्राकडे बुद्धिबळ खेळायला जायचे. परवीनने ते बंद केलंय. अब्बांना आता दिसत नाही, भान राहत नाही, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. ते मान खाली घालून बसलेले असतात. आणि मला ती फरिश्ता म्हणते.

पाळकसाहेबांना माझ्या मदतीचं कुठूनसं कळलं. येत्या रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून मी या सेवेची साक्ष द्यावी असं ते म्हणतात.

मला प्रार्थना करता येत नाही. इतकी वर्षं गुडघे टेकून मी देवाला जणू कामाचा अहवाल देत होते. आता सांगण्यासारखं काही उरलं नाही, आणि मागायची मला सवय नाही.

तुझी,
हेमा

*

अहिल्यानगर
२४ मार्च २०२५

माझ्या हेमा,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग देवाचे आभार मानले. हो, आभारच. पंच कमिटीच्या हेमाबाईंची पत्रं मला बरीच वर्षं येतात. माझ्या बहिणीचं पत्र फार दिवसांनी आलं.

मागता येत नसेल तर मागता येत नाही एवढंच त्याला सांग. तीही प्रार्थनाच आहे. मग कसबा पेठेत जा. एकटी जाशील का, असं विचारणार होते, पण तू एकटी नसशीलच.

ते काय म्हणतील याची हमी मी देऊ शकत नाही. मी मात्र तुझीच आहे.

ताई

*

कर्वेनगर
२१ एप्रिल २०२५

ति. नम्रताताईस,
पुनरुत्थानाच्या सणाचा आनंदी सलाम.

लिहायला उशीर झाला. साक्ष द्यायला मी पाळकसाहेबांना तेव्हाच नकार दिला होता, कारण मात्र सांगितलं नव्हतं. ईदच्या आधी कसबा पेठेत गेले. जिन्यात कठड्याला धरून म्हटलं, प्रभू, मला जमत नाही, तू ने. एवढंच. आणि वर पोचले.

दोघांसमोर सगळं सांगितलं. परवीन म्हणाली, तुमच्या शब्दावर मी माझ्या बापाला आंधळं ठरवलं. तिने मला निघून जायला सांगितलं.

पण चाचा उठून उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते तिला म्हणाले, ऐकलंस ना? मी बघूनच चालत होतो! पुन्हा पुन्हा तेच. स्वतःच्या डोक्यावरचाच त्यांचा विश्वास उडाला होता, ताई. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बाई, माझी अक्कल परत आणून दिलीत, मेहेरबानी. पण नेलीही तुम्हीच होती. मी हो म्हणाले. ते ओल्या डोळ्यांनीच हसले.

तिथून केदारला बोलावून पोलीस चौकीत गेले आणि खरा जबाब दिला. पुढे जे व्हायचं ते होईल. त्या संध्याकाळी सूनबाईने मला जेवायला वाढलं आणि माझ्याशेजारी बसून राहिली. तिचं ते बसणं मी विसरणार नाही.

चाचा परत बुद्धिबळाला जातात. परवीन माझ्याशी बोलत नाही. तिचा राग रास्त आहे. तिच्यासाठी प्रार्थना करते, मला माफ करण्यासाठी नव्हे, तिचं भलं व्हावं म्हणून.

काल ईस्टरची उपासना होती. पाळकसाहेबांची परवानगी घेऊन मी मंडळीसमोर उभी राहिले आणि जसं घडलं तसं सांगितलं. शेवटी म्हणाले, माझ्यासाठी प्रार्थना हवी आहे, संतोषने करावी. तिथे उभं राहायला योग्यता लागते असं त्याच्याबद्दल मीच म्हणाले होते, हेही सांगितलं. त्याची बायको दुसऱ्या रांगेत होती. तू विचारलं होतंस ना? काल ती रडत होती, पण त्याच्याकडे बघून.

संतोष पुढे आला. मला वाटलं, डोक्यावर हात ठेवेल. तो माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसला. म्हणाला, प्रभू, आम्हा दोघांचं तुझ्याशिवाय निभत नाही, आजचा दिवस सांभाळ. बस, इतकंच. मी आमेन म्हणाले.

उठायला गेले तर गुडघे जखडलेले. त्याने हात पुढे केला. इतर वेळी मी बाकाला धरून उठले असते. काल त्याचा हात धरून उठले.

मन भरून आलंय, ताई. माझ्यावर लोभ आहेच. आता तो पूर्वीपेक्षा थोडा जास्त कर, मी मागते आहे.

तुझी धाकटी,
हेमा