तीन सेकंद जास्त

३ तारीख, सोमवार
नोकरीचा पहिला दिवस! खिडकीजवळची जागा, फिरती खुर्ची, फुकटची कॉफी. लोकांनी टाकलेले व्हिडिओ तपासायचे. आधी यंत्र शेरा मारतं, मग आपण मिनिटभरात ‘राहू द्या’ किंवा ‘काढा’ दाबायचं. यंत्र अगदीच दीडशहाणं आहे. आज त्याने सोललेल्या बटाट्याला अश्लील ठरवलं आणि एका बाईला घातलेल्या घाणेरड्या शिव्या बिनदिक्कत सोडल्या. फोनवर धाकट्या बहिणीला सांगितलं, तर ती हसून बेजार. तीही घर सजवायचे व्हिडिओ टाकते.

६ तारीख, गुरुवार
शिडीवरचा रंगारी, एक्केचाळीस सेकंद. यंत्राचा शेरा: मृत्यू. मेला कुठे? चांगला गुणगुणत भिंत रंगवतोय. मी ‘राहू द्या’ दाबलं. यंत्राशी मत जुळलं नाही म्हणून माझेच गुण कापले. चोर सोडून संन्याशाला फाशी. संताप संताप झाला.

१० तारीख, सोमवार
रंगाऱ्याचा व्हिडिओ परत आला. आता चव्वेचाळीस सेकंद. शेवटच्या तिनांत शिडी सरकते. मला जेवण गेलं नाही.
सुपरवायझरबाई म्हणाल्या, कुणीतरी पुन्हा टाकला असेल, काढ आणि पुढे हो. लेखी तक्रार केली. उत्तर यंत्रानेच दिलं: तक्रारीत तथ्य आढळले नाही. डोकं फोडून घ्यावंसं वाटतं.

१२ तारीख
तळ्यात पोहणारा. मीच सोडलेला. आज परत, तीन सेकंद जास्त.
मी सोडते तेच परत येतात. काढलेला एकही नाही.

१३ तारीख
धाकटी. माझी धाकटी, स्टुलावर, पडदा लावतेय. अठ्ठावीस सेकंद. शेरा: मृत्यू.
‘काढा’ दाबलं. सुटलो एकदाचे.
तरी फोन केला. स्टुलावर चढू नकोस म्हटलं. का, ते कसं सांगू? म्हणाली, बरं आजीबाई.

१४
परत आलाय. काढला होता ना मी— एकतीस सेकंद.
अठ्ठाविसाव्याला थांबवलाय. ‘काढा’ दाबलं जात नाही—
फोन उचलला तिने.
“ताई, कुणा शहाण्याने माझा व्हिडिओ उडवला गं. तोच पुन्हा करतेय. थांब, स्टुलावर आहे—”
उतर म्हणतेय, तो शहाणा मीच, उतर— ऐकत नाही—
व्हिडिओ आपोआप पुढे— एकोणतीस—
तीस—
एक